इंजिन व्यवस्थित आहे

दुआला ताप नव्हता. ती सोफ्यावर उलटी लोंबकळत, पाय भिंतीला टेकवून टॅबमध्ये डोकं घालून बसली होती, आणि तिच्यापासून चार हातांवर उभा राहून तिचा आजोबा हनीफ शाळेच्या रिसेप्शनवरच्या बाईला इंग्रजीत सांगत होता की मुलीला काल संध्याकाळपासून ताप आहे, एकशे एक, थोडा खोकलाही आहे, आज पाठवत नाही. खोकला त्याने स्वतःच्या मनाने जोडला. रुखसारने तेवढं सांगितलं नव्हतं. हे फोनचं काम सुनेनेच त्याच्या गळ्यात घातलं होतं. "अब्बा, तुम्हीच करा ना. तुमचं जहाजवालं इंग्लिश ऐकलं की ते लोक उलट प्रश्न विचारत नाहीत." अबुधाबीला तिच्या बहिणीच्या, अफशाच्या, बाळाचा अकीका, जावळाचा कार्यक्रम, होता. शुक्रवारची अर्ध्या दिवसाची शाळा, त्यात टेस्ट, म्हणजे सुट्टी मिळायची नाही. रिसेप्शनवरची बाई हळहळली, "पुअर थिंग, गेट वेल सून" म्हणाली. हनीफने थँक यू म्हणून फोन ठेवला. दुआ उलटीच खिदळली. "दादा, यू आर सच अ गुड लायर! आय ऑलमोस्ट फेल्ट सिक." त्याचा मुलगा फहद हसला, रुखसार हसली, तोही हसला. मग पाणी प्यायला म्हणून आत गेला आणि ग्लास नळाखाली धरला.

ग्लास भरून वाहायला लागला तरी तो तसाच उभा राहिला. खिडकीबाहेर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या फॅक्टऱ्यांची पांढरी छपरं उन्हात डोळ्यांवर येत होती. एवढं सोपं असतं? घसा कोरडा पडला नाही, जीभ अडखळली नाही. वर खोकला. बासष्ट वर्षांचा माणूस, त्यातली तेहतीस वर्षं इंजिनरूममध्ये गेली, शेवटची अकरा चीफ इंजिनिअर म्हणून, ज्याला खलाशी 'बडा साब' म्हणतात. त्या तेहतीस वर्षांत त्याने लॉगबुकात एक आकडा खोटा लिहिला नव्हता. हे तो लोकांना सांगायचाही, जरा जास्तच सांगायचा. त्याला कारण होतं. तेविसाव्या वर्षी, पहिल्याच जहाजावर, त्याच्या वॉचच्या, म्हणजे पाळीच्या, सीनिअरने बेअरिंगचं तापमान न बघताच वहीत लिहिलं होतं, मागच्या तासाचा आकडा खाली उतरवून. तासाभरात इंजिनच्या पोटात स्फोट झाला. श्रीवर्धनकडचा एक ऑइलर, यंत्रांना तेल घालणारा खलाशी, समोरच उभा होता. त्याला गुंडाळायला चादर धरणाऱ्यांत हनीफ होता. तेव्हापासून त्याच्या लेखी खोटा आकडा आणि ती चादर या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या नाहीत. बेअरिंग जेवढं तापलं तेवढंच लिहायचं. इंजिन व्यवस्थित असेल तर व्यवस्थित आहे म्हणायचं.

"अहो, फहदचे अब्बा, चला ना! सगळे खाली गेले," शहनाझ दारातून म्हणाली. त्याने नळ बंद केला.

गाडीत तो पुढे बसला, फहदशेजारी. मागे शहनाझ, दुआ, रुखसार आणि रुखसारच्या मांडीवर सांदणांचा मोठा डबा. अबुधाबीचा रस्ता सरळ होता, दोन्हीकडे रेती आणि विजेचे मनोरे, आणि आकाश निळं म्हणावं असं नव्हतंच, धुरकट पांढरं होतं. एसीची थंड हवा गुडघ्यांवर येत होती. हनीफला वाटलं, झोप लागली तर बरं. त्याने डोळे मिटले आणि तो आवाज आला. कुणीतरी घराच्या भिंतीला घासत पत्र्याची भलीमोठी पेटी ओढत नेतंय, आणि ती पेटी संपतच नाही. बर्फ फोडत जाणाऱ्या जहाजाच्या आत, पाण्याखालच्या मजल्यावर बसलेल्या माणसाला बर्फ असाच ऐकू येतो. वर ब्रिजवर जहाज हाकणाऱ्या लोकांना तो दिसतो. खाली नुसता आवाज, पायांतून चढणारा, दातांत जाऊन बसणारा. उत्तर सायबेरियातल्या त्या खाडीत गॅस भरायला जाणाऱ्या टँकरवर त्याने दोन हिवाळे काढले होते. पहिल्या हिवाळ्यात जहाज पुढे गेलं की मागची फोडलेली वाट चार-पाच तासांत पुन्हा जुळायची. दुसऱ्या हिवाळ्यात ती जुळेना. एप्रिल महिना, तिथे अजून हाडं फोडणारी थंडी असायला हवी, तर तापमान उणे आठ, उणे नऊ. बर्फातली वाट दाखवणारा आइस पायलट विक्तर, पन्नाशीचा रशियन, ब्रिजवरून खाली बघून म्हणायचा, "चीफ, ही लापशी आहे. बर्फ असा नसतो." हनीफला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं ते आठवायचं. त्यांचं जहाज गॅसवर चालायचं, चिमणीतून काळा धूर नाही, म्हणून ऑफिसवाले त्याला क्लीन शिप म्हणायचे. पण थोडा गॅस न जळताच निसटतो, दिसत नाही, वास येत नाही, आणि वर जाऊन धुराहून कितीतरी जास्त ऊब धरून बसतो. किती निसटतो हेही तो लिहायचा. अगदी बरोबर लिहायचा.

त्या दिवशी जहाज थांबलं ते माणसांमुळे. बर्फावर, अगदी जहाजाच्या वाटेत, चार घसरगाड्या उभ्या होत्या आणि पाच-सहा माणसं. नेनेत्स, विक्तर म्हणाला, रेनडिअर पाळणारे. दरवर्षी याच सुमाराला ते गोठलेली खाडी ओलांडून पलीकडे जातात. कॅप्टन गुणवंत खाली उतरले, विक्तर उतरला, आणि हनीफनेही परवानगी मागितली. तसं त्याचं तिथे काही काम नव्हतं. आयुष्यभर समुद्राच्या आत राहिलो, एकदा समुद्रावर पाय ठेवून उभं राहावं, एवढीच हौस. बोलणारी एक म्हातारी होती. कातड्याचा लांब झगा, चेहरा वाऱ्याने तासलेला, पुढचे दोन दात नाहीत. विक्तर तिचं बोलणं तोडक्या इंग्रजीत सांगत होता. फेब्रुवारीत पाऊस पडला. बर्फावर पाऊस पडला आणि मग गोठला, आणि सगळ्या माळावर काच बसली. जनावरं खुराने बर्फ उकरून खालचं शेवाळ खातात. हनीफला मागाहून कळलं की शहनाझच्या मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल असतं ना, त्याच्याच जातीचं ते. काच फुटेना. खूर फुटले. आधीच निम्मी मेली. उरलेली सहाशे त्या तिथे आहेत, तिने हात केला, आणि दूर पांढऱ्यावर एक करडी रेघ हनीफला दिसली. पलीकडच्या काठावर काच नाही, तिथे चारा आहे. पण मधे ही वाट. दर काही तासांनी एक जहाज येतं आणि वाट पुन्हा फोडतं. उद्या सकाळपर्यंत कुणी फोडली नाही तर आज रात्री ती अख्ख्या कळपाचं वजन पेलण्याइतकी गोठेल. बारा तास. बारा तास थांबा.

कॅप्टन म्हणाले, ऑफिसला विचारतो. ते शिडी चढून वर गेले. विक्तर सिगरेट ओढत राहिला. म्हातारी जहाजाजवळ आली आणि तिने हातमोजा काढून पंजा लोखंडावर ठेवला. इंजिन चालू होतं, त्याची थरथर तिच्या हाताला लागत असणार. तिने हनीफकडे, त्याच्या तेलकट बॉयलर सूटकडे बघितलं आणि विक्तरला काहीतरी विचारलं. विक्तर हसला. "ती विचारते, हे तू चालवतोस?" हनीफने मान हलवली. तिने आणखी काही विचारलं. "विचारते, हे कधी दमतं का?" हनीफला तो प्रश्न गोड वाटला होता. त्याला अभिमान वाटला होता, हे त्याला आज गाडीत डोळे मिटून बसल्यावर जसंच्या तसं आठवलं. छाती किंचित पुढे आली होती. "तिला सांग," तो म्हणाला, "माझं इंजिन कधी दमत नाही." विक्तरने सांगितलं. म्हातारीने हात लोखंडावरून काढला, मोजा घातला, आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही.

"अब्बा, एसी कमी करू?" फहदने विचारलं. "तुम्ही अंग आखडून बसलाय."

"नको. ठीक आहे."

वीसेक मिनिटांनी, तो जहाजावर परतल्यावर, इंजिनच्या कंट्रोल रूममधला फोन वाजला होता. ब्रिजवरून कॅप्टन. ते पुण्याचे, हा रत्नागिरीचा. चोवीस माणसांच्या त्या जहाजावर मराठी बोलणारे दोघेच, आणि ते मराठी बोलायचे ते जेवणानंतर, घरच्या गोष्टी काढायला. कामाच्या फोनवर कधीच नाही. त्या दिवशी ते मराठीत बोलले, कारण शेजारी विक्तर उभा होता.

"हनीफभाई, मशिनला काही त्रास आहे का?"

"नाही सर."

"जरा नीट बघा. कूलिंगचं काही, फिल्टरचं काही. एवढ्या लापशीतून आलोय. काहीतरी असेलच."

"सगळं बघितलंय सर. इंजिन व्यवस्थित आहे."

मग कॅप्टन अगदी हळू म्हणाले, "ऑफिस नाही म्हणतंय. सेफ्टी रीझन असेल तरच थांबा म्हणतात. मागचं जहाजही आपल्यासाठी अडून राहील. दहा-बारा तास पुरतील, हनीफभाई." हनीफला कळलं होतं. पुढे सहा वर्षं त्याने स्वतःला समजावून बघितलं की त्या क्षणी आपल्याला नीट कळलं नव्हतं. पण कळलं होतं. आणि कळल्यावर त्याला राग आला होता. आपल्या वहीत, आपल्या सहीखाली, आपल्या इंजिनवर खोटा आळ. त्याच्या डोळ्यांसमोर म्हातारी आली नाही, ती चादर आली. तो म्हणाला, "सर, लॉगमध्ये मी खोटं लिहीत नाही. तुम्हाला माहितीये." कॅप्टन म्हणाले, "हो. माहितीये." मग इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ओके चीफ. स्टँड बाय." आणि जहाज हललं, पुन्हा ती पेटी ओढली जाऊ लागली.

इंजिन मार्गी लावून तो मागच्या डेकवर गेला तो हवा खायला. घसरगाड्या बाजूला झाल्या होत्या. जहाजामागे वाट पसरली होती, काळं पाणी आणि त्यात डुचमळणारे बर्फाचे तुकडे. आणि ती करडी रेघ आता मैलभरावर आली होती. माणसं आडवी पळत होती, हात पसरून अडवत होती, कुत्री भुंकत असावीत, पण इंजिनच्या आवाजात ऐकू काही येत नव्हतं. भुकेली जनावरं थांबेनात. पलीकडच्या चाऱ्याचा वास त्यांना लागला असेल, किंवा दरवर्षीची सवय. पुढची दोन-चार पाण्यात उतरली आणि बाकीची मागून. रेनडिअरला पोहता येतं, चांगलं पोहता येतं, त्यांचे केस आतून पोकळ असतात. ती बुडाली नाहीत. पलीकडे पोचली. पण पाण्यातून वर यायला काठ लागतो, आणि जहाजाने कापलेला बर्फाचा काठ छातीइतका उंच, कडा तुटत जाणारा. ती पुढचे पाय टाकत, काठ तुटे, ती मागे येत, मागची त्यांच्यावर. शिंगांचं एक रान पाण्यावर हलत होतं. हनीफच्या उजव्या हाताला, भिंतीवर, इंजिनरूमचा फोन होता. तो त्याने उचलला नाही. उचलून काय सांगणार? आता थांबून काय होणार होतं? तो उभा राहिला, आणि जहाज व्यवस्थित पुढे जात राहिलं, आणि शिंगं लहान होत गेली.

त्या संध्याकाळी मेसमध्ये विक्तर सूप ढवळत त्याला म्हणाला, "शिंगं बघितलीस ना? नरांची शिंगं हिवाळ्याच्या तोंडालाच गळतात. एप्रिलमध्ये शिंगं असतात ती गाभण माद्यांना." एवढं बोलून त्याने पाव तोडला.

अबुधाबीला अफशाच्या घरी दाराबाहेर चपलांचा ढीग होता. बाळाचं जावळ काढून झालं होतं, टकुलं गुळगुळीत, कपाळावर केशराचं बोट. जेवणं बसली. खाली दस्तरखान अंथरलेला, बिर्याणीची परात मधोमध. अफशाचा नवरा उझैर एका तेल कंपनीत सेफ्टीच्या खात्यात होता. त्याच्या ऑफिसातले दोघेतिघे आले होते. "चाचा, ह्यांना तुमचा बर्फाचा किस्सा सांगा ना," तो म्हणाला, "तो चहाचा." हनीफचा एक किस्सा ठरलेला होता. उणे पस्तीसमध्ये डेकवरून उकळता चहा हवेत फेकला तर खाली पडतच नाही, धूर होऊन उडून जातो. तो हातवारे करून सांगायचा, लोक हसायचे. त्याने घास खाली ठेवला आणि सुरुवातही तशीच केली, "एकदा काय झालं, एप्रिल महिना होता." आणि मग चहा आलाच नाही. म्हातारी आली. पाऊस आला, काच आली, कॅप्टनचा फोन आला. तो कुणाकडे न बघता, ताटातल्या भाताकडे बघत, वॉच बदलताना माहिती देतात तसं सांगत गेला. शिंगांचंही सांगितलं. कुणीतरी मध्येच पाण्याचा जग सरकवला तेवढाच आवाज.

"पण चाचा," उझैर म्हणाला, "कंप्लायन्सच्या हिशोबाने तुम्ही एकदम राइट होता. फॉल्स एंट्री इज क्रिमिनल. आमच्याकडे तर डायरेक्ट टर्मिनेशन. तुम्ही तुमची ड्यूटी केली, खलास."

"हो ना," दुसरा म्हणाला, "आणि जनावरं आहेत शेवटी. अल्ला की मर्जी."

फहदने बापाच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला. दुआ आईला टेकून बसली होती. "मम्मा, दे वेअर प्रेग्नंट?" तिने हळूच विचारलं, आणि रुखसारने तिच्या तोंडात घास दिला. हनीफला वाटलं होतं, कुणीतरी आपल्याला बोलेल. रागावेल. निदान उठून जाईल. सगळ्यांनी त्याला माफ करून टाकलं, इतक्या पटकन, की परातीतला भातही अजून गरम होता.

तो हात धुऊन आतल्या खोलीत गेला. शहनाझ मागोमाग आली आणि पलंगाच्या कडेवर बसली. बराच वेळ ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"त्या साली तुम्ही आलात," ती म्हणाली, "आणि दोन महिने माझ्याशी धड बोलला नाहीत. मासळीला हात लावला नाहीत. नमाजला बसायचात आणि मध्येच उठायचात. मला वाटलं, तिकडे कुणी बाई आहे."

"होती," हनीफ म्हणाला. "म्हातारी होती."

शहनाझच्या तोंडून हसू निघालं आणि लगेच तिचे डोळे भरले. "मी फोन तपासायची तुमचा. तुम्ही झोपलात की. सहा वर्षं मी तिला शिव्या घातल्या, ती कोण ते माहीत नसताना." तिने डोळे पुसले. "मला का नाही सांगितलंत?"

"तूही म्हणाली असतीस, बरोबर केलंत."

तिने खोटं बोलून त्याची समजूत घातली नाही, याचं त्याला नंतर फार मोल वाटलं. "हो," ती म्हणाली. "म्हणाले असते." मग उठून त्याचा खांदा दाबला आणि दार लोटून बाहेर गेली.

कॅप्टन गुणवंतांचा नंबर होता. ईदला आणि दिवाळीला एकेक मेसेज, फुलांचं चित्र, एवढाच संबंध उरला होता. रिटायर होऊन ते पुण्याला, कोथरूडला राहत होते. व्हॉट्सअॅपवरून इथून कॉल लागत नाही म्हणून त्याने साधाच फोन लावला. तिसऱ्या रिंगला आवाज आला, थकलेला, पण तोच.

"बोला हनीफभाई! काय आज अचानक? सगळं ठीक?"

"ठीक आहे सर. सर, ती खाडी. एप्रिलमधली. तुम्ही मला मराठीत फोन केला होता."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग एक दार.

"मी खोटं लिहायला हवं होतं सर," हनीफ म्हणाला. "बारा तासांचं काम होतं. मी नाही म्हटलं."

"तुम्ही नाही म्हणणार हे मला माहीत होतं," कॅप्टन म्हणाले. ते थांबून थांबून बोलत होते. "जहाजावरचं पोरगंसुद्धा सांगू शकलं असतं. आणि थांबवायचं असतं तर मला तुमची गरज नव्हती, हनीफभाई. धुकं आहे म्हणायचं, बर्फ जाड आहे म्हणायचं. कॅप्टन होतो मी. पण मला कुणाचं तरी 'नाही' हवं होतं. ते तुमच्याकडे नक्की मिळणार, म्हणून तुम्हाला फोन केला."

हनीफ पलंगावर बसला. सहा वर्षं तो जे एकट्याचं म्हणून उचलत आला होता, त्याचं दुसरं टोक दुसऱ्या कुणाच्या हातात होतं, हे कळल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. त्याला फक्त थकल्यासारखं झालं.

"अजून एक आहे," कॅप्टन म्हणाले. "तुम्ही तुमच्या वहीत खरं लिहिलंत. मी ब्रिजच्या वहीत काय लिहिलं, माहितीये? 'रेनडिअरचा कळप जहाजामागून सुखरूप पार.' इंग्रजीत. वेळ टाकून. सही करून. त्या दिवशी जहाजावर खोटं लिहिलंच गेलं, हनीफभाई. फक्त एक मजला वर."

बाहेर अफशाचं बाळ रडायला लागलं आणि कुणीतरी त्याला घेऊन फिरू लागलं.

"ते दुरुस्त करा सर."

"कुठे करू? जहाज विकलं. वह्या कुठे गेल्या कुणास ठाऊक."

"मग मला सांगा. तोंडी सांगा. जे झालं तसं."

हनीफ उठून उभा राहिला. कॅप्टन बोलणार असले की बसून ऐकायची त्याला सवय नव्हती. मग पुण्यातला तो म्हातारा आवाज सावरला, सपाट झाला, ब्रिजवर असायचा तसा झाला. त्याने तारीख सांगितली. वेळ सांगितली, चौदा वाजून वीस मिनिटं. जहाजाची दिशा, वेग, हवेचं तापमान, उणे नऊ. दृश्यमानता चांगली. "जहाज थांबवण्याची विनंती मिळाली. थांबवलं नाही. इंजिनमध्ये दोष नव्हता. थांबवता आलं असतं. जहाज पुढे गेल्यावर सुमारे एक मैल मागे कळप वाटेत उतरला. बहुतेक माद्या. गाभण. बाहेर येऊ शकल्या नाहीत. मदतीला जहाज फिरवलं नाही. मेलेली जनावरं," आणि तिथे आवाज अडला. "किती, हनीफभाई? तुम्ही मागे होतात. किती होती?"

हनीफने डोळे मिटले. पाण्यावर शिंगं हलत होती, एकात एक अडकलेली, कुठलं कुणाचं ते कळत नव्हतं.

"मोजली नाहीत सर."

"मीही नाही," कॅप्टन म्हणाले. "दुर्बीण गळ्यात होती."

पुण्यात कुणी बाई, त्यांची बायको असणार, लांबून विचारत होती की अहो, कुणाचा फोन आहे, किती वेळ झाला. हनीफने फोन कानाला तसाच धरून ठेवला. दोघांपैकी कुणालाच तो आधी ठेवता येईना.